एक भिवपुरी, दोन भिवपुरी

गुरुवार, १९ सप्टेंबर

ही डायरी दीप्तीने जानेवारीत दिली. म्हणाली, आई, तू सगळं मनात ठेवतेस आणि मग भांड्यांवर काढतेस, त्यापेक्षा लिहीत जा. लेक ठाण्याला नोकरी करते, तिकडे लोक असं लिहितात म्हणे. आतापर्यंत मी हिच्यात गॅस कधी लावला तेवढंच लिहिलं. आज भांडी घासून झाली, दोनदा आपटून झाली, तरी पोटातलं जाईना, म्हणून बसले.

अंगणवाडीत नवी मदतनीस आली आहे. नंदा. वरच्या ठाकूरवाडीची, वय तेवीस, बारावी सायन्स. आमच्या धोंडूबाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी. चार वर्षांची असताना हीच नंदा याच खोलीत माझ्या हाताखाली होती. नाक पुसायला मी शिकवलं तिला. चोवीस वर्षं मी इथे सेविका आहे, निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलं आहे.

पहिले तीन दिवस तिने मान खाली घालून खिचडी शिजवली, पोरांचे हात धुतले, मला बरं वाटलं. आज दुपारी ढग भरून आले. आईबाप शेतावर असले की मी पोरांना चारपर्यंत ठेवून घेते, नियमात नसलं तरी. गडगडलं की माझी एकोणीस पोरं माझ्याकडे धावतात. कुणी मांडीत, कुणी पाठीला, कुणी पदराखाली. मी सगळ्यांना घट्ट धरते आणि सांगते, काही नाही रे, वर म्हातारी हरभरे भरडतेय. माझी आई मला हेच सांगायची. या गावात मला कुणी सोन्याचं कडं दिलेलं नाही, पण गडगडल्यावर पोरं आईला सोडून बाईंकडे धावतात हे सगळे बोलतात.

आजही धावली. तेवढ्यात नंदा फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "म्हातारी किती लांब बसलीया, मोजायचं का रं?" वीज चमकली की सुरू करायचं. एक भिवपुरी, दोन भिवपुरी, तीन भिवपुरी. भिवपुरी म्हणजे आमचं जवळचं स्टेशन, ते नाव एकदा म्हणायला एक सेकंद लागतो म्हणे. आवाज आला की थांबायचं. तीन भिवपुरी म्हणजे एक किलोमीटर. पहिल्यांदा दोघं गेली तिच्याकडे, मग पाच, मग माझ्या पदराखाली नुसता वारा राहिला.

मी कोठीच्या खोलीत गेले. डाळीची पाकिटं मोजायची राहिली होती. बाहेर आले तेव्हा ढग निघून गेले होते आणि मी आत होते हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज नंदाने पोरांना बाहेर पायरीवर बसवलं. ओढ्यापलीकडे संतोष त्याच्या वाडीचे कुंपणाचे खांब घणाने ठोकत होता. नंदाने विचारलं, आधी काय येतं, घण की आवाज? पोरं बघत राहिली. घण खाली येतो, आणि तो पुन्हा वर जायला लागतो तेव्हा कुठे ठण्ण ऐकू येतं. विकास, जो एरवी स्वतःची चप्पल ओळखत नाही, तो म्हणाला, आवाज मागनं चालत येतो. नंदा म्हणाली, तसंच वर. उजेड पळत येतो, आवाज चालत येतो. वीज दिसली तेव्हाच ती होऊन गेली, आवाज म्हणजे तिची मागून आलेली वरात.

ओढ्यापलीकडे मी तीस वर्षांत कितीदा कुऱ्हाडी, घण, धुणी बघितली असतील. माझ्या कधी लक्षात आलं नाही. पण त्यात एवढं कौतुक करण्यासारखंही काही नाही.

घरी आले तर मिलिंदच्या पाठीत उसण भरलेली. रसायनीला कारखान्यात फिटर आहेत हे, काहीतरी वाकडं उचललं. पालथे पडून म्हणाले, कुणी पायाळू मिळाला असता तर एक लाथ मारून घेतली असती. जो पायांकडून जन्मतो तो पायाळू, त्याचा पाय लागला की उसण उतरते असं लोक म्हणतात. मी म्हटलं, आपण बौद्ध, आपण असलं मानत नाही. पाऊण तास बाम चोळत बसले.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज कागदी पिशव्या. फुगवायच्या, तोंड आवळायचं आणि फाट्कन फोडायच्या. नंदा म्हणाली, विजेने हवा एकदम तापते, फुगते, ढकलाढकली करते, तिचाच हा आवाज. तुमी पण गडगडाट करू शकता. एकोणीस पोरांनी एकोणीस पिशव्या फोडल्या. मला वाटलं कानाचे पडदे जातील. मी कोठीत जाऊन डाळीची पाकिटं पुन्हा एकदा मोजली.

नव्याचे नऊ दिवस, हे मी रोज स्वतःला सांगते. पण आवडीचं काय करू? आवडी माझी होती. साडेचार वर्षांची, पणजीचं नाव लावलेली, बोलते कमी. गडगडलं की सगळ्यांच्या आधी माझ्या मांडीत येऊन पदराचं टोक तोंडात धरायची. मला माझ्या लेकीने सुद्धा एवढं धरलं नाही कधी. आज पिशवी फोडून ती खदखदून हसली. माझ्या पदराचं टोक दिवसभर कोरडं होतं.

आवडी पायाळू आहे. कर्जतच्या दवाखान्यात पोचायच्या आधी गाडीतच झाली, पाय आधी. तिची आजी भागूबाई बरोबर होती. मी नोंद घ्यायला गेले तेव्हा तिने माझे हात धरले, म्हणाली, पौर्णिमाबाई, हे चौथ्या कानाला कळू देऊ नका. पायाळूवर वीज पडते असं इकडे सगळे मानतात. उसण भरली की पायाळूला हाक मारतील, ढग भरले की त्याच्याजवळ उभे राहणार नाहीत. मी शब्द दिला आणि पाळला. तिची आई, आजी आणि मी. मी स्वतः असलं काही मानत नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

सुपरवायझर मॅडम आल्या. नंदाने कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. म्हणाली, ढगात बर्फाचे बारके कण आसेच एकमेकांना घासतात आन् ठिणगी पडते. मॅडमनी मोबाइलवर शूटिंग केलं, तालुक्याच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत अंगठे आणि टाळ्या. त्या व्हिडिओत मीही आहे. डाव्या बाजूला अर्धा खांदा आणि हातातला खिचडीचा डाव.

एक मात्र मी मॅडमसमोरच बोलले. ही पोरांना खिडकीचे लोखंडी गज धरून वीज बघायला उभं करते, आकाशात विजा असताना लोखंडाला हात लावू नये हे बारावी सायन्सला शिकवत नाहीत का? मॅडमचा चेहरा पडला. मला वाटलं आता नंदा काहीतरी उलट बोलेल. ती म्हणाली, "खरं हाय बाई. माझं चुकलं." लगेच खडूने खोलीच्या मधोमध मोठा गोल काढला, म्हणाली, मोजायचं ते याच्यात बसून, खिडकी आन् नळापासून लांब. आणि पोरांना सांगितलं, हे बाईंनी शिकवलं. पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

ती भांडली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

काल संध्याकाळी विठाबाईच्या माडावर वीज पडली. शेंडा जळाला, माणसाला काही झालं नाही. पण गावात दुसरा विषय नाही.

आज घरी न्यायच्या आहाराची पाकिटं वाटायची होती म्हणून बायका आल्या होत्या. विकासच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, बाई, ती नंदा पोरांना विजा बघत बसवती, ते बरं हाय का? मला सांगता आलं असतं की खिडकीपासून लांब गोल काढला आहे, मीच सांगून काढायला लावला आहे. ते ओठांवर होतं. पण मागे नंदा हसत होती आणि आवडी तिच्या पाठीवर लटकली होती.

मी म्हणाले, मी काय सांगणार, मला आता कोण विचारतं. आवडीलासुद्धा पुढे बसवते. ती पोर पायाळू, तरी.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मी खोटं बोललेले नाही. आणि विकासच्या आईला म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज आठच पोरं. विकासची आई दारातून बोलून गेली, एक तर ती पायाळू पोरगी येईल, नायतर आमची. नंदाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मला वाटलं होतं लोक म्हणतील, नंदाचे खेळ बंद करा. झालं भलतंच. आवडीही आलेली नाही.

नंदाने विचारलं, कुणी सांगितलं असंल बाई? मी म्हटलं, गावाच्या तोंडाला हात कोण लावणार. तिने मान हलवली आणि आठ पोरांसाठी खिचडीचं माप कमी केलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

भागूबाईकडे जाऊन आले. जावंच लागलं, हजेरीपटावर सलग दांड्या लागल्या की गृहभेट द्यायची असते.

भागूबाईने मला चहा विचारला नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. बसायला गोणपाट दिलं आणि विळ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत आहे. चौथा कान कुठून आला हे मोजायला शाळा शिकावी लागत नाही. मी नियमाचं बोलले, सहाव्या वर्षी पहिलीत घालायचं तर सवय मोडू नका, वगैरे. ती म्हणाली, पहिलीत तरी कोन बसवून घेनार हाय तिला? शाळेतबी हीच पोरं जानार.

नंतर ढग आले. भागूबाईने आवडीच्या पायातले वाळे काढले, वीज लोखंडावर जावी म्हणून अंगणात कोयता फेकला, आणि पोरीला मागच्या गोठ्यात नेऊन गव्हाणीशेजारी लाकडी पाटावर बसवलं. एकटीला. घरात आवडीचा धाकटा भाऊ आहे, तान्हा, त्याच्याजवळ ठेवायची नाही. आवडी रडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि पदराकडे बघितलं. मग तिने स्वतःच्या फ्रॉकचं टोक तोंडात धरलं.

मी उठून निघाले. घरी कपडे वाळत होते.

गोठ्यातून गडगडाट जास्त मोठा ऐकू येतो. पत्रा असतो ना. गुरं दावी ओढतात, पेंढा पोटऱ्यांना टोचतो, आणि घरातल्यांचं बोलणं भिंतीपलीकडून येतं पण शब्द कळत नाहीत.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

कालचं शेवटचं वाक्य आज पुन्हा वाचलं. ही डायरी कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकते. मीही पायाळू आहे.

आई बाळंतपणाला माहेरी होती, खालापूरच्या बाजूला. पुढे वडील गेले आणि आम्ही काकांकडे राहिलो. ढग आले की काकू मला गोठ्यात बसवायची. काकू वाईट नव्हती, तिची चार मुलं होती. आई दाराच्या फटीशी येऊन हळू आवाजात सांगायची, पौर्णे, घाबरू नको, म्हातारी हरभरे भरडतेय. तेवढंच. दहाव्या वर्षापर्यंत असं चाललं. लग्नात आईने कानात सांगितलं, सासरी बोलू नकोस. मी बोलले नाही. मिलिंदलाही नाही, दीप्तीलाही नाही. आणि मी हे मानत नाही. न मानणाऱ्या बाईने कुणाला सांगायचं आणि कशाला?

आज कळलं की नंदा रोज काम संपवून भागूबाईच्या गोठ्यात जाते. आवडीबरोबर पाटाशेजारी बसते आणि दोघी मोजतात. भागूबाई तिला चहा देते म्हणे.

आवडीसाठी मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण जास्त काय वाटलं ते लिहायचं ठरलंय तर लिहिते. माझ्या गोठ्यात कुणी येऊन बसलं नव्हतं. आणि आवडीच्या गोठ्यात कुणी बसायचं होतं तर ती जागा माझी होती. तिथेही ही आधी पोचली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज फार जवळ गडगडत होतं. मी कोठीत होते. नंदाने दार लोटलं. पोरं कमी होती, ती खडूच्या गोलात बसून मोजत होती, त्यांचे आवाज येत होते. मी म्हटलं, पाकिटं मोजतेय. ती म्हणाली, "बाई, ती सतरा हायेत. परवाबी सतरा व्हती."

मग ती माझ्याशेजारी गोणीवर बसली आणि जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "मी चार वर्सांची व्हते तवा आसंच गडगडलं, आन् तुमी मला कवळ्यात धरलं. तुमचे हात लटलट कापत व्हते. मी घरी जाऊन आयला सांगितलं, आय, बाईंना कुनीतरी धराया पायजे."

मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काय, मला लई वर्सं भ्या वाटलं. बाई एवढ्या मोठ्या, त्या कापतात, म्हंजे वर नक्की काहीतरी हाय. अकरावीला कॉलेजात सरांनी उजेड आन् आवाजाचं शिकवलं तवा पहिल्यांदा वाटलं, हे बाईंना सांगितलं पायजे. म्हनून तर जागा निघाली तवा अर्ज केला.

कालची पोर माझी कीव करते. चोवीस वर्षं मी पोरांना धीर दिला आणि ही म्हणते मी त्यांना भीती दिली. मी तिला सांगितलं, खिचडी करपेल, जा. खिचडी तासापूर्वीच उतरवली होती.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सुट्टी. धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहारात सगळे जमलो होतो. पांढरी साडी नेसले. बावीस प्रतिज्ञा म्हणताना सगळ्यांबरोबर माझाही आवाज होता, पण एका जागी मी नुसते ओठ हलवले. कुठली ते मला माहीत आहे आणि इथे लिहायची गरज नाही.

परत येताना भागूबाईचं घर लागतं. अंगणात कोयता पडलेला होता. आकाश स्वच्छ होतं, उचलायचा राहून गेला असेल.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आज माता बैठक होती. पंधरा बायका आल्या. भागूबाईही आली, दाराशी बसली, आवडीला घेऊन. सूनबाई कापणीला गेली होती. विकासच्या आईने मुद्दा काढला की त्या पोरीचं एकदा ठरवून टाका, आमची पोरं किती दिस घरी बसवायची?

नंदा उभी राहिली. कंगवा, कागद, ढगातले कण, सगळं पुन्हा समजावलं. वीज उंच जागा बघते, माड बघते, उघड्यावर उभा माणूस बघते, जन्माला येताना पाय आधी आले की डोकं ते तिला काय ठाऊक? छान बोलली. बायकांनी ऐकून घेतलं. मग विकासची आई म्हणाली, "पोरी, तुझं पुस्तकात बराबर आसंल. पन माझं एकुलतं एक पोर हाय, ते मी कागदाच्या कपट्यावर सोडू व्हय?"

नंदाने कंगवा खाली ठेवला. तिचे डोळे भरले. आता खरं लिहिते. सगळ्यात आधी मला बरं वाटलं. हिलाही जमत नाही तर. आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की जे तिला जमत नाही ते या खोलीत फक्त मला जमणार आहे. तिच्याकडे सायन्स आहे, पण ही एक गोष्ट तिच्याकडे नाही. चांगल्या माणसाने दुसऱ्या कारणाने तोंड उघडलं असतं. माझं हेच कारण होतं.

मी म्हणाले, "मी पायाळू आहे. बावन्न वर्षांची."

एक बाई हसली, मग थांबली. मी सगळं सांगितलं. काकूचा गोठा सांगितला. आवडीचं गुपित विकासच्या आईपाशी मी फोडलं, नंदावरचा राग मनात धरून फोडलं, हेही भागूबाईकडे बघून सांगितलं. बोलताना मी टेबल घट्ट धरलं होतं. लोखंडी होतं.

आता दोनच गोष्टी होणार होत्या. उद्यापासून आवडी येईल, नाहीतर उद्यापासून मीही यायची नाही. भागूबाईच बोलली शेवटी. दाराशी बसल्या बसल्या, कुणाकडे न बघता. "म्हंजे चोवीस वर्सं गडगडलं की आख्ख्या गावाची पोरं पायाळूच्या पदराखाली जाऊन बसायची."

ती पुढे म्हणाली, "माझा पोरगा बसला. विकासची आय, तूबी बसलीयास. काय झालं गं तुला?"

विकासची आई या गावची लेक, गावातच दिलेली. मला आठवतं, ती माझ्या डाव्या काखेत घुसायची. माझ्या पहिल्याच वर्षी, पाच वर्षांची होती. तिने खाली बघत गोणपाटाचा धागा ओढला. मग म्हणाली, मी बघते, विचारते ह्यांना. हो नाही म्हणाली, पण नाहीही नाही म्हणाली.

निघताना भागूबाई माझ्यासमोर थांबली. मला वाटलं काहीतरी बोलेल. तिने माझा पदर नीट खांद्यावर घातला, आणि म्हणाली, तुमाला मी माफ केलं नाय, पन चहाला या.

संध्याकाळी मिलिंदला सांगितलं. तीस वर्षं लपवलेलं, तोंड धुऊन, समोर बसून सांगितलं. ते पाठ चोळत म्हणाले, "मग गेल्या महिन्यात पाऊण तास बाम कशाला चोळत बसलीस?"

बुधवार, १६ ऑक्टोबर

सकाळी अकरा पोरं आली. विकास आला नव्हता. आवडी आजीचं बोट धरून आली, वाळे घातलेले होते. भागूबाई दारातून परत गेली नाही, बाहेर पायरीवर बसून राहिली, जणू कापणी दुसऱ्या कुणाच्या शेतात आहे.

साडेबाराला विकासच्या आईने विकासला आणून सोडलं. जेवायच्या वेळेला. जाताना आवडीपासून दूरची जागा बघितली आणि त्याला तिथे बसवून गेली. पाच मिनिटांत तो उठून आवडीच्या ताटातला बटाटा खात होता.

अडीचला ढग आले. माझे पाय आपोआप कोठीकडे वळले. नंदाने बघितलं आणि ती पोरांना खडूच्या गोलात घ्यायला लागली. मी कोठीच्या दाराला हात लावला आणि मग दार ओढून कडी घातली. बाहेरून. गोलात जाऊन बसले. गुडघे दुखतात, तरी मांडी घातली.

मला वाटलं होतं आवडी धावत माझ्या मांडीत येईल. एवढं सगळं केल्यावर तेवढं तरी. ती नंदाच्या मांडीत जाऊन बसली. मी इथे लिहिते की मला वाईट वाटलं, आणि ज्याला कुणाला त्यात काही चुकीचं वाटत असेल त्याने चोवीस वर्षं ती मांडी पुरवून बघावी.

वीज चमकली. खोली पांढरी झाली. पोरं ओरडली, एक भिवपुरी. माझे हात कापायला लागले. मी ते पदराखाली घेतले. चार भिवपुरीला आवडी माझ्या पदराकडे बघत होती. सहाला ती उठली, गोलातून रांगत माझ्यापाशी आली, पदराखाली हात घालून माझे दोन्ही हात बाहेर काढले आणि मांडीवर बसून ते स्वतःच्या पोटावर घट्ट धरले. अकराला गडगडलं.

"लांब हाय बाई," ती म्हणाली. मग नंदाकडे वळून म्हणाली, "नंदाताई, बाईंना मोजाया येत नाय. शिकव की."

नंदा माझ्याकडे बघत होती. हसली असती तर मी उठून गेले असते. ती हसली नाही. तिने फक्त वाट बघितली. दारातून भागूबाई बघत होती.

पुढची वीज आली. माझ्या तोंडून पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्या भिवपुरीला निघाला, तोही घोगरा. पाचला पोरांबरोबर आले. आठला गडगडाट झाला, आधीपेक्षा जवळ, आणि माझे हात आवडीच्या पोटावर तसेच कापत होते, पण मी मोजणं सोडलं नव्हतं. नववी भिवपुरीही म्हणून टाकली मी, गरज नसताना. पोरं हसली. मग मीही.

पुढे सात वेळा मोजलं. सातही वेळा नंदापेक्षा माझा आवाज मोठा होता. हे मी लिहून ठेवते, कारण तालुक्याच्या ग्रुपवर ते कुणी टाकणार नाही.